जर्नलमध्ये नुसती माझीच यादी

बुधवारी दुपारी मी लॅपटॉप आवरायला बसले आणि दोन फायलींपैकी चुकून हवी तीच पुसली. कचऱ्याच्या डब्यातसुद्धा टाकली नाही, थेट कायमची. अर्धवट कामं मला खपत नाहीत.

गेली ती वंशावळ. मी तळेगावात एका शाळेचं कार्यालय सांभाळते आणि सुट्टीच्या दिवशी पवनानगरच्या वरच्या अंगाला एका वाडीतल्या मुलींचे अर्ज भरून देते. त्यातल्या एकीला नर्सिंगला प्रवेश मिळत होता. जात पडताळणीच्या अर्जाला वंशावळ सोमवारपर्यंत जोडली नाही, तर जागा दुसरीला. सगळ्या पिढ्या तोंडपाठ फक्त तिच्या चुलत आजोबांना, म्हणजे आबांना. तीन दुपारी त्यांना बसवून मी ती थेट टाइप केली होती. कागद हरवतात, असं मी सगळ्यांना ऐकवत असते.

मी डगमगले नाही. त्याच लॅपटॉपवर ‘करायची कामे’ अशी यादी उघडली. पुसलेल्या फायली शोधणारे तीन प्रोग्राम उतरवले, अपडेट राहिले होते तेही उरकले, आणि प्रत्येक पायरी वेळेसकट यादीत नोंदवली. दोन दिवस हेच. वंशावळ काही मिळाली नाही.

शुक्रवारी संध्याकाळी धाकट्या दिराला बोलावलं. तो आंबीच्या एका कारखान्यात कॉम्प्युटर सांभाळतो.

“दोन दिवस लॅपटॉप चालूच होता?”

“मग? बंद ठेवून शोधायचं कसं?”

“अहो वहिनी!” त्याने लॅपटॉप बंद केला आणि स्वतःच्या पेन ड्राइव्हवरून पुन्हा सुरू केला, म्हणजे डिस्कवर नवं काही लिहिलं जाणार नाही. “आता जर्नल बघू.”

मला वाटलं, त्यात सगळा मजकूर असेल.

“मजकूर नसतो. डिस्कवर काही बदलायच्या आधी कॉम्प्युटर तिथे टिपून ठेवतो, की ही फाइल, एवढी मोठी, अमुक जागी. मध्येच वीज गेली तर त्यावरून डिस्क सावरता येते. आपल्याला जुनी जागा कळली, तर तिथे जाऊन मजकूर उचलता येईल.”

“मग काढ की.”

काळ्या पडद्यावर आकड्यांच्या ओळी सरकू लागल्या. प्रत्येक फायलीला एक नंबर असतो. वंशावळीचा नंबर सापडला, त्या नंबराची एक नोंदही सापडली. आकार शून्य, जागा कोरी. बुधवार, दुपारी बारा चाळीस. म्हणजे पुसल्याची नोंद. त्याआधीची एकही नाही.

“सकाळीच तर मी त्यात एक नाव दुरुस्त केलं होतं! त्याची नोंद कुठे गेली?”

“जर्नलची जागा ठरलेली असते. भरली की पहिल्यापासून परत त्यावरच लिहीत जातो.” त्याने स्क्रीन माझ्याकडे वळवली. “हे बघा वर काय लिहिलंय.”

करायची कामे. करायची कामे. करायची कामे. यादी दर मिनिटाला आपोआप सेव्ह होत होती. ती सोय मीच लावून ठेवलेली. अधूनमधून ते तीन प्रोग्राम आणि अपडेट. मजकुराची मूळ जागा त्याने अंदाजाने धुंडाळली, तर तिथेही अपडेट जाऊन बसलं होतं.

“हे मला बुधवारीच का नाही सांगितलंस?”

“बोलावलंत कुठे? तुमच्या यादीत मी कितव्या नंबरला होतो?”

“नवव्या.”

शनिवारी जीपने पवनानगर, पुढे वाडीपर्यंत चालत. आबा अंगणात बसले होते. नर्सिंगवाली मुलगी शेजारी तांदूळ निवडत होती.

“मागल्या टायमाला समदं लिवलं की तुमी.”

“पुसलं गेलं, आबा.”

“कोनी पुसलं?”

“मी.”

“मंग मला कशापाई तरास? मशिनला इचारा.”

“विचारलं. बुधवारी बारा चाळीसला पुसलं, एवढंच सांगतंय.”

“लय हुशार हाय!” आबा कुरकुरत सांगायला लागले. मी या वेळी वही आणली होती. चौथ्या पिढीपाशी ते अडले. दोन भावांत थोरला कोण, ते काही केल्या आठवेना.

मुलीने सुपातून मान वर न काढता थोरल्याचं नाव सांगितलं. मग धाकट्याचं. मग त्यांच्या बापाचं.

“तुला कसं ठाऊक?” मी विचारलं.

“मॅडम, तिन्ही दुपारी मी हितंच व्हते की. च्या कोन देत व्हतं तुमाला?”

“हिला येतंय समदं!” आबा भडकले. “मंग मला कशाला बशिवलंय उन्हात?”

मी वही मुलीकडे दिली. तिने हात झटकले आणि त्या बापाच्याही बापापासून खाली एकेक पिढी उतरवायला घेतली. तिने नाव लिहायचं आणि आबांनी “व्हय” म्हणायचं. एका ठिकाणी आबा “न्हाई” म्हणाले. त्यावर दोघांचं भांडण झालं आणि मुलगीच बरोबर निघाली. ऊन उतरायच्या आत दोन प्रती तयार झाल्या. एक तिने फडताळात ठेवली. सोमवारी जात पडताळणीच्या कचेरीत तिने माझ्या हातातून अर्ज घेतला आणि खिडकीत स्वतः दिला.