आडवी उंडी

त्रिंबकच्या हाती आलेला पहिला कुंचला म्हणजे काडीला गुंडाळलेली चिंधी. गंगापूरकडच्या माळावर बाप मेंढ्या राखायचा. दुसऱ्याच्या कळपात मिसळू नयेत म्हणून प्रत्येकीच्या पाठीवर लाल खूण करायचं काम पोराकडं असे. बाकीची पोरं एक ठिपका देऊन मोकळी व्हायची. हा मेंढीच्या पाठीवर मोर काढत बसायचा. मेंढी हलली की मोराला तिसरा पाय फुटायचा आणि बापाच्या शिव्या पडायच्या.

पुढं तो औरंगाबादला आला, पुंडलिकनगरात दोन खोल्या घेऊन राहिला आणि दुकानांच्या पाट्या रंगवू लागला. दिवाळीच्या आधी मात्र पाट्या बाजूला ठेवून तो ग्रीटिंगं रंगवायचा. घरोघरी फोन आले नव्हते तेव्हाची गोष्ट. पणत्या, आकाशकंदील, रांगोळी काढलेली ती ग्रीटिंगं लोक घेऊन जायचे.

एका वर्षी दसऱ्याआधी गल्लीतल्या आशाबाई आल्या. त्या दवाखान्यात नर्स होत्या, मूळच्या दापोलीच्या पुढच्या, समुद्राकाठच्या.

"त्रिंबकभाऊ, आईला पाठवायला एक ग्रीटिंग कराल? पणत्या नकोत. आमच्या दारातली उंडी हवी."

"उंडी म्हंजी?"

"झाड हो. पानं जाड, चकचकीत. फुलं पांढरी, मधे पिवळा गोंडा. आणि वास असा..." आशाबाईंना पुढं शब्द सापडला नाही.

त्रिंबकनं काढलं, त्याचा वड झाला. दुसऱ्यांदा काढलं, त्याचा चाफा झाला. तिसरं आशाबाईंनी बराच वेळ पाहिलं आणि हसून म्हणाल्या, "झाड सुरेख आहे. कोणतं आहे, ते मात्र कळत नाही."

त्रिंबकच्या डोक्यात वेगळंच चाललं होतं. "समुद्राकाठी म्हंजी मुळाला खारं पाणी लागत आसंल?"

"उधाणात लाटा बुंध्यापर्यंत येतात."

"आन् तरी फुलतं?"

"फुलतं म्हणजे! वर्षातनं दोनदा."

त्यांच्या गल्लीतल्या बोरचं पाणी असं खारट, की कढीपत्तासुद्धा वाळून जायचा. त्रिंबक जेवायला बसला तरी घास हातातच. शेवटी बायको राजाबाई वैतागली.

"जाऊन बघा की येकदाचं!"

"तू येती का?"

"समुद्र दाखवनार आसाल तर येते."

पुण्याला गाडी बदलून दोघं दापोलीला पोचली, तिथून लहान एसटीनं गावात. समुद्र पाहिल्यावर राजाबाईनं आधी पाणी चाखलं आणि तोंड वाकडं करून थुंकली. "येवढं पानी, आन् समदं वाया!"

आशाबाईंचं घर सापडलं. आशाबाईंची म्हातारी आई ओट्यावर सुपारी कातरत होती. पण दारात झाड दिसेना. त्रिंबकनं नाव-गाव आणि ग्रीटिंगचं काम सांगितलं आणि विचारलं, "आजी, उंडी कुठं हाय?"

म्हातारीनं अडकित्त्यानंच वाळूकडं दाखवलं.

उंडी पडलेली होती. अख्खं झाड वाळूवर आडवं, अर्धी मुळं उघडी. पण त्या आडव्या खोडातून फांद्या सरळ वर गेल्या होत्या, आणि प्रत्येक फांदीवर पांढऱ्या फुलांचे घोस. मधमाश्यांचा नुसता कल्लोळ. वास घेतला तेव्हा आशाबाईंना शब्द का सापडला नव्हता, ते त्रिंबकला समजलं. त्यालाही सापडला नाही.

जवळ शेळी बांधलेली होती. त्यानं एक पान तिच्यापुढं धरलं. तिनं हुंगलं आणि मान फिरवली.

"खात नाय व्हय?"

"कोणी खात नाही," म्हातारी म्हणाली. "म्हणून तर उरली. आशा तिकडं नोकरीला गेली, त्याच पावसाळ्यात ही वादळात पडली. तिला सांगितलं नाही. ती तिथून काय करणार? तू उभी काढ. तिच्या मनात उभी आहे, राहू दे तशीच."

त्रिंबक घुटमळला. "आजी, म्या उभी बघितलीच नाय. अंदाजानं काढून तीन कागद वाया घालवलेत."

म्हातारीनं अडकित्ता खाली ठेवला. मग म्हणाली, "काढ आहे तशी. फुलं मात्र कमी काढू नकोस."

त्यानं तिथंच वाळूत बसून दोन ग्रीटिंगं केली. एक म्हातारीला दिलं, दुसरं औरंगाबादला आणून आशाबाईंच्या हातात ठेवलं.

त्यांचा चेहरा उतरला. "ही कधी पडली?" त्रिंबकनं सांगितलं. आशाबाई चिडल्या. "मला कुणी कळवलं नाही! आणि मी उभी सांगितली होती तुम्हाला." मग पायरीवर बसल्या, पदरानं डोळे पुसले. ग्रीटिंग जवळ धरून हळूच विचारलं, "फुलं खरंच इतकी आहेत?"

"जास्तीच हायेत," राजाबाई म्हणाली. "ह्यांना कागद पुरला नाय."

आशाबाईंनी त्या दिवाळीला रजा मागून घेतली आणि गावी गेल्या. कितीतरी वर्षांनी.

पुढच्या वर्षी त्रिंबकनं ते चित्र छापून घेतलं. शहागंजातल्या दुकानात लोक ग्रीटिंग उलटंसुलटं करून बघायचे. "हे झाड पडलंय का उभं हाय?" विचारायचे, आणि घेऊन जायचे. मग लोकच त्याला आपल्या गावाकडची झाडं सांगू लागले. फाल्गुन लागला तसा अजिंठ्याचा कारभारी नावाचा एकजण पाटी रंगवून घ्यायला आला आणि बोलता बोलता म्हणाला, "आमच्या शिवारात येक पळस हाय. पिवळा फुलतो."

"पिवळा? काहीतरीच! पळस लाल आसतो."

"मग येऊन बघा."

त्रिंबकनं पाटी तशीच ओली ठेवली आणि आत हाक मारली. राजाबाई आधीच पिशवी झटकत होती.