आजोबांचं आडनाव मफरूर नाही हो!

परवा, सोळा सप्टेंबरला दुपारी, देवणीच्या पुढं आमच्या गावच्या फाट्यावर एसटीतून उतरले आणि कपाळावर हात मारून घेतला. चौकात नवाकोरा ग्रॅनाइटचा फलक, त्यावर सोनेरी अक्षरं... 'स्वातंत्र्यसैनिक व माजी आमदार कै. मन्मथराव शिवलिंगराव मफरूर चौक.'

आमचं आडनाव हंगरगे आहे. मफरूर म्हणजे फरारी!

झालं असं की मुक्तिसंग्रामात माझ्या आजोबांवर वॉरंट होतं, ते भूमिगत होते. निजामाच्या पोलिसांच्या यादीचा एक उर्दू कागद आमच्या घरी आहे. चौकाला नाव द्यायला ग्रामपंचायतीनं पुरावा मागितला म्हणून मी नांदेडमधल्या एका रिटायर्ड उर्दू सरांकडून तो वाचून घेतला आणि मराठीत टाइप करून ग्रामसेवकांना व्हॉट्सॲप केला. 'मन्मथ वल्द शिवलिंग, मफरूर.' वल्द म्हणजे अमक्याचा मुलगा, आणि मफरूर हा शेवटच्या रकान्यातला शेरा. अर्थ लिहायचा शहाणपणा मला सुचला नाही... आणि साहेबांनी शेऱ्याचं आडनाव करून टाकलं.

अर्जावर हंगरगे स्पष्ट लिहिलेलं होतं हो. पण अर्ज वाचतो कोण!

हे सगळं चाललं होतं माझ्या आत्यासाठी. वय अठ्ठ्याहत्तर, गुडघे गेलेले, तरी तीन वर्षं ती काठी टेकत ग्रामपंचायतीत खेटे घालत होती. डोळे मिटायच्या आत आप्पाचं, म्हणजे तिच्या वडिलांचं, नाव चौकात बघायचंय, हा एकच धोशा. दुसऱ्या दिवशी सकाळी अनावरण, पाहुणेरावळे बोलावून झालेले... आणि नाव हे असं.

तशीच तणतणत ऑफिसात गेले. "रेकॉर्डपरमाणंच केलंय, मॅडम," ग्रामसेवक म्हणाले. "आमाला वाटलं तुमचं जुनं आडनाव आसंल." मी अर्थ सांगितला. ते हळूच म्हणाले, "म्हंजे... फरारी माजी आमदार?" शिपाई फिस्सकन हसला. माझ्या मात्र अंगाचा तिळपापड झाला.

दगड उदगीरहून कोरून आणलेला. दुसरा यायला पंधरा दिवस तरी लागणार. तोवर वरून फ्लेक्स चिकटवू का, असंही मला विचारण्यात आलं!

आता हे आत्याला सांगायचं कुणी? मीच. घरी जाऊन एका दमात सांगून टाकलं. रडेल, तिचं बीपी वाढेल, अनावरण पुढं ढकलावं लागेल, सगळी तयारी मी मनातल्या मनात केली होती. ती एवढंच म्हणाली, "चल, दाखीव."

ऑटोनं चौकात आणली. तिनं माझ्याकडून फलक दोनदा वाचून घेतला. मग पदर तोंडाला लावून जी हसत सुटली... मला वाटलं, धक्काच बसला हिला.

"बरोबर लिव्हलंय की गं माय," ती म्हणाली. "मी जलमले तवा आप्पा मफरूर. मी चालाया लागल्यावर त्यानं माझं तोंड बघितलं. मग आमदार झाला. कवा मुंबई, कवा दौरा, कवा लोकाची भांडणं. माझ्या लग्नात अक्षता पडल्यावर आला. निजामाला घावला न्हाई, तसा मलाबी न्हाई."

आणि मग तिचे डोळे भरून आले. ती चिडली होती, हे मला तेव्हा कळलं. ग्रामसेवकांवर नाही, आजोबांवर... आणि इतकी वर्षं. आम्ही नातवंडं दर सतरा सप्टेंबरला, मुक्तिदिनाला, त्यांच्या त्यागाची भाषणं ठोकत आलो, पण तो त्याग नेमका कुणाच्या वाट्यातून गेला, हे तिला कधी विचारलंच नाही. मला लाज वाटली.

आडनाव खाली पेंटरकडून लिहून घ्यायचं ठरलं. दगड बदलायचा नाही, हा आत्याचा हुकूम. ग्रामसेवक साहेब, तुम्हाला मी जे काही बोलले त्यातलं निम्मं मागं घेते... निम्मंच. तुमच्या त्या चुकीमुळं माझी आत्या जन्मात पहिल्यांदा मोकळं बोलली, म्हणून मनापासून धन्यवाद.

काल अनावरण झालं. लोक चहाकडं वळले, तरी आत्या फलकापाशीच उभी. कोरलेल्या अक्षरांवरून हात फिरवत ती म्हणाली, "आता दगडात बसिवलाय तुला, आप्पा. आता कुठं जातूस ते बघते."