फ्रेंच पाहुणी आणि थंड झालेलं कालवण

ताटं वाढून दहा मिनिटं झाली होती आणि कोणीही घासाला हात लावत नव्हतं.

पेणजवळच्या खाडीकाठच्या गावात, म्हात्र्यांच्या ओटीवर आम्ही तिघं पाटावर बसलो होतो. मध्ये फ्रान्सहून आलेली ओदिल मादाम, एका बाजूला रोह्याचे टिपणीससाहेब, दुसऱ्या बाजूला मी. ताटात तांदळाची भाकरी, भात आणि जिताड्याचं कालवण. जिताडा म्हणजे आमच्या खाडीतला मानाचा मासा, तो काही रोज शिजत नाही. सखूबाई म्हात्रे हातात पळी घेऊन समोर उभ्या होत्या. त्यांचे यजमान पांडूदादा दाराशी पाण्याचा तांब्या घेऊन उभे. मादाम हसऱ्या चेहऱ्याने ताटाकडे बघत होती आणि जेवत मात्र नव्हती.

टिपणीस माझ्या कानाशी लागले. "लिमयेबाई, ही सुरू का करत नाही? मासा चालतो ना हिला?"

"चालतो. कालच विचारलंय."

"मग?"

मग काय, ते मलाही कळेना. आणि कळणं हे तर माझं काम होतं.

मी दुभाषी आहे. दोन माणसांच्या मध्ये बसायचं आणि एकाचं बोलणं दुसऱ्याला त्याच्या भाषेत सांगायचं. रोह्याच्या एका केमिकल कंपनीत एकतीस वर्षं फ्रेंच मशीनांच्या मॅन्युअल्सची भाषांतरं केली, आता रिटायर होऊन फ्रीलान्स करते. मी फ्रेंच शिकायला लागले तेव्हा पेणमधल्या आमच्या आळीतल्या बायकांनी विचारलं होतं, इथले गणपती काय आता फ्रेंचमधून रंगवणार का? आज त्याच बायका पाहुण्यांना सांगतात, आमची लिमयेबाई फाडफाड फ्रेंच बोलते. सांगू देत. मला आवडतं.

तर टिपणीसांचं रोह्याला छोटं एक्स्पोर्टचं ऑफिस आहे. ओदिल मादाम त्यांची नवी क्लायंट. फ्रान्सच्या पश्चिम किनाऱ्यावर, लुआर नदी समुद्राला मिळते त्या बाजूला नांत नावाचं शहर आहे, तिथे तिचं दुकान. दुकानात फक्त मीठ. देशोदेशीचं, हाताने काढलेलं. तिला खाडीचं मीठ हवं होतं आणि त्यासाठी मिठागर स्वतः बघायचं होतं, मीठ काढणारी माणसं बघायची होती. मगच ऑर्डर.

पांडूदादांचं सगळं या भेटीवर अडलं होतं. त्यांच्या बांधावरच्या बाकीच्यांनी मिठागरं कोळंबीच्या तलावांना देऊन टाकली होती. यांचं एकट्याचं उरलं होतं. "यंदा गिऱ्हाईक नाय मिलालं तर पावसानंतर आमी पन सोडनार," असं त्यांनी मला आधीच सांगितलं होतं. सांगताना माझ्याकडे बघितलं नव्हतं.

म्हणून आठवडाभर आधी टिपणीसांनी मला म्हात्र्यांकडे नेलं. "बाई, यांना फ्रान्सचं थोडं जनरल नॉलेज द्या. पाहुणी नाराज व्हायला नको."

मी एवढं खुशीने दुसरं कुठलं काम केलं नसेल. ओटीवर शाळेचा ॲटलास उघडला. फ्रान्स म्हणजे नुसतं पॅरिस नव्हे, हे आधी सांगितलं. उत्तरेकडे थंडी-पाऊस, दक्षिणेला द्राक्षं आणि ऊन, पूर्वेला बर्फाचे डोंगर, आणि पश्चिमेला आपल्यासारखी भरती-ओहोटीची खाजणं. मग रीतीभाती. भेटल्यावर आधी 'बोंजूर', दुकानात शिरतानासुद्धा. बोंजूर न म्हणता नुसतं काही मागितलं तर तिथे उद्धट समजतात. वय विचारायचं नाही, पगार विचारायचा नाही. पाव ताटात न ठेवता टेबलावरच ठेवतात. चीज जेवण झाल्यावर आणि गोडाच्या आधी येतं. आणि जेवताना धंद्याची घाई करायची नाही, हे टिपणीसांकडे बघून दोनदा सांगितलं.

सखूबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "बाय, त्यांच्याकडं पन मीठ पिकतं म्हनतेस?"

"पिकतं की."

"मंग आपलं कशाला नेते?"

"तिला प्रत्येक खाडीच्या मिठाची चव वेगळी लागते."

"लागतेच," सखूबाई म्हणाल्या. पहिल्यांदा कोणीतरी हे मान्य केल्यासारख्या.

ठरल्या दिवशी सकाळी टिपणीसांनी मादामला कोलाडच्या रिसॉर्टवरून गाडीने आणलं. मिठागरावर पोचताच तिने बूट काढले आणि अनवाणी बांधावरून चालायला लागली. पांडूदादांच्या हातातलं मीठ ओढायचं लांब दांड्याचं लाकडी फळकं मागून घेतलं आणि वाफ्यातलं मीठ असं सफाईने कडेला ओढलं की पांडूदादा "अगो बाय माझे!" म्हणून बघतच राहिले. मिठाचा राखाडी रंग बघून ती खूश झाली. तिच्या गावचं मीठही तसंच असतं, मातीतलं. तिचा बाप मिठागरवाला होता. आई डोक्यावरून मीठ वाहायची.

आमच्याकडे भरलेली टोपली एकट्याने डोक्यावर घेता येत नाही. दोघांनी दोन बाजूंनी धरायची, एकाने "हं, उचल!" म्हणायचं आणि दोघांनी एकदमच उचलायची. एक पुढे, एक मागे झालं की टोपली कलंडते. मादामने टोपलीला हात घातला. सखूबाईंनी समोरून धरली, "हं, उचल!" म्हणाल्या, आणि टोपली अलगद सखूबाईंच्या डोक्यावरच्या चुंबळीवर जाऊन बसली. मी भाषांतर करायला तोंड उघडलं होतं, पण त्याची गरजच पडली नाही. मग मादामने तो शब्द स्वतः दोनदा म्हणून पाहिला. "उशाल, उशाल." पांडूदादा पोट धरून हसले.

अशी झकास सकाळ झाल्यावर आम्ही जेवायला बसलो होतो. आणि आता हे.

मी "बोनापेती" म्हणाले. म्हणजे सावकाश जेवा. ती "मेर्सी" म्हणाली आणि तशीच बसून राहिली. मग सखूबाईंकडे बघून मला विचारलं, "या आपल्याबरोबर जेवत नाहीत?"

मी मराठीत सांगितलं.

"आमी मागनं," सखूबाई म्हणाल्या.

मी फ्रेंचमध्ये सांगितलं. मादामचा चेहरा उतरला. तिने मांडीवरचा रुमाल घडी करून बाजूला ठेवला. हळू आवाजात म्हणाली, "माझी आई मीठ घेऊन मोठ्या व्यापाऱ्यांच्या घरी जायची. ते जेवायचे, ती स्वयंपाकघरात उभी असायची. उभ्या बाईच्या हातचं मी जेवत नाही. इथे या बाईंना कोण उभं ठेवतंय? हे साहेब?"

टिपणीसांना फ्रेंच येत नव्हतं, पण आपल्याकडे बोट आलंय एवढं कळलं. ते घाबरले आणि घाबरल्यावर करतात तेच त्यांनी केलं. बॅगेतून सॅम्पलची फाइल काढली. "बाई, हिला लॅब रिपोर्ट दाखवूया का?"

"फाइल आत ठेवा," मी म्हणाले.

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. फ्रान्समध्ये घरची बाई पहिला घास उचलेपर्यंत पाहुणा सुरुवात करत नाही. आमच्याकडे पाहुण्याचं पोट भरेपर्यंत घरची बाई बसत नाही. पाहुणी वाट बघत होती यजमानीण बसायची, आणि यजमानीण वाट बघत होती पाहुणी जेवून उठायची. असं चाललं असतं तर आम्ही संध्याकाळपर्यंत तिथेच. ही फ्रेंच रीत मला चांगली पाठ होती. मग माझ्या लेक्चरमध्ये ती का आली नाही? कारण मीही माझ्या घरी मागूनच जेवते. समोर बाई उभी आहे, हे मला दिसलंच नव्हतं. एकतीस वर्षांच्या अनुभवाची मला त्या क्षणी लाज वाटली.

दुभाष्याचा पहिला नियम असा, की आपल्या पदरचं काही घालायचं नाही. मी तो नियम मोडला. मादामला सांगितलं, कोणी उभं ठेवलेलं नाही, त्या तुमच्या मानासाठी उभ्या आहेत. सखूबाईंना सांगितलं, तिच्याकडे घरच्या बाईने आधी घास घ्यायचा असतो, तुम्ही बसल्याशिवाय ती जेवायची नाही.

"पाव्हन्याआधी जेवू?" सखूबाईंनी पळी घट्ट धरली. "गाव थुंकंल माझ्यावर."

"आणि तुमच्याआधी जेवली तर तिला तिच्या आईची आठवण सुखाने जेवू देणार नाही."

मादामच्या आईचं सगळं मी त्यांना सांगितलं. डोक्यावरचं मीठ, व्यापाऱ्याचं घर, उभं राहणं. सखूबाईंनी पांडूदादांकडे बघितलं.

पांडूदादा म्हणाले, "बस गो."

सखूबाई आत जाऊन दोन ताटं घेऊन आल्या. एक नवऱ्यापुढे, एक स्वतःपुढे. कालवणाचं भांडं हाताशी ठेवलं आणि मादामच्या समोर मांडी घालून बसल्या. भाकरीचा तुकडा मोडला, कालवणात बुडवला, पण तोंडात घातला नाही. मादामनेही तुकडा मोडून हातात धरला. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. आता आधी कोण?

आणि सखूबाई म्हणाल्या, "हं, उचल!"

मादाम खळखळून हसली. "उशाल!" म्हणाली. दोघींनी एकदमच घास घेतला. त्यामागून आम्ही तिघांनी. कालवण पार थंड झालं होतं आणि मी त्याहून चांगलं कालवण आजवर जेवलेली नाही. डोळ्यांत पाणी आलं ते मी मिरचीवर ढकललं.

मादामने तीन भाकऱ्या खाल्ल्या. ताट पुसून पुसून साफ केलं, कारण तिकडे तीच दाद असते. इकडे रिकामं ताट म्हणजे अजून वाढा. सखूबाई वाढत राहिल्या आणि ती पुसत राहिली. हे मात्र मी कोणालाच समजावून सांगितलं नाही. बघायला मजा येत होती.

हात धुतल्यावर मादामने स्वतःच विषय काढला. मीठ असंच हवं, राखाडी, न धुतलेलं. आणि एकच अट, पुढच्या हंगामातही हीच दोघं मिठागरावर हवीत. मी अट मराठीत सांगितली. पांडूदादा तांब्या घेऊन परसात गेले आणि बराच वेळ आले नाहीत. सखूबाई म्हणाल्या, "सांग तिला, व्हय."

परतताना गाडीत टिपणीस म्हणाले, "बाई, तुमच्या लेक्चरमध्ये हा पॉइंट नव्हता."

"नव्हता. चूक माझी."

आता तो आहे, आणि पहिला आहे. फ्रेंच मला चांगलं येतं, हे मी कोणालाही छाती पुढे काढून सांगेन. पण परक्या देशाची रीत शिकवायला बसण्याआधी आपल्या घरात कोण उभं आहे, ते बघून घ्यावं.

पुढच्या रविवारी आमच्याकडे पाहुणे होते. मी सगळ्यांची ताटं वाढली, मग माझंही वाढलं आणि त्यांच्याबरोबर बसले. ह्यांनी आश्चर्याने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "हं, उचला."