सील न तुटलेली बाटली

बिशपांचं प्रवचन सुरू झालं तेव्हा कॅथेड्रलची देखभाल करणाऱ्या किल्लीकाकांनी वेदीमागच्या खोलीतलं कपाट आवरायला घेतलं. द्राक्षारसाची नवी बाटली जशीच्या तशी होती. सीलसुद्धा तुटलेलं नव्हतं.

मग सकाळी चंबूत ओतलं काय?

खिडकीत कालची रिकामी बाटली होती. त्यांनीच ती विसळून, पाणी भरून ठेवलेली. आता ती अर्धी होती. म्हणजे वेदीशेजारच्या दोन्ही चंबूंत, पाण्याच्या आणि द्राक्षारसाच्याही, पाणीच. आणि नुसत्या पाण्यानं मिस्सा होत नाही; त्या उपासनेत अर्पण करायला द्राक्षारसच लागतो.

मिस्साचा द्राक्षारस पांढरा, काचेत पाण्यासारखाच दिसणारा. तीस वर्षं काका चंबू हुंगूनच पाठवत आले. पण हिवाळ्यातल्या तापानं त्यांची वास घ्यायची शक्ती नेली. ते फक्त बायकोला ठाऊक. "दूध करपलं तरी हे आपले पेपरात!" ती म्हणायची, आणि लगेच दार लोटून घ्यायची.

कारण कॅथेड्रलमागची त्यांची राहायची खोली नोकरीबरोबर मिळालेली, नोकरीबरोबरच जाणार. उपासकाळात त्यांनी फादरांसाठी जांभळ्याऐवजी हिरवी वस्त्रं काढली, तेव्हा मुख्य फादर हसून म्हणाले होते, "काका, अजून एक घोळ, की किल्ल्या माझ्याकडे आणि तुम्ही लेकीकडे." डोळे मात्र हसत नव्हते.

भिंतीवरच्या स्पीकरमधून बिशपांचा बसका आवाज येत होता. आज कॅथेड्रलच्या स्थापनेचा दिवस. "पहिले फादर इथं आले तेव्हा छप्पर नव्हतं. जवळ एकच बाटली. ती त्यांनी थेंबाथेंबानं वर्षभर पुरवली, पण लोकांना मिस्साविना ठेवलं नाही. तेच आपलं काम." ही गोष्ट काकांनी पाहुण्यांना शंभरदा सांगितली होती. आज ती त्यांच्या मानगुटीवर बसली.

बिशप सर्दीनं बेजार. "आज मला चहा काय नि काढा काय, सारखंच," असं सकाळी म्हणालेले. वेदीवर ते एकटेच, द्राक्षारस पिणारेही तेच. त्यांना कळणार नाही. कुणालाच नाही. सील तोडून थोडा रस मोरीत ओतला की बाटली वापरलेली दिसेल, झालं. काकांनी नख लावलं. सील कट्कन तुटलं, आणि त्या आवाजानं ते स्वतःच दचकले.

त्यांनी तिसरा चंबू घेतला, पुसला, भरला.

दारातून वेदीपर्यंत वीस पावलं. हजार डोळे. मागच्या खांबापाशी मुख्य फादर ताठ झाले. काकांनी चंबू बिशपांपुढं धरला.

"काय झालं?" बिशप कुजबुजले.

"त्यात नुसतं पाणी आहे. हा घ्या."

मिस्सा संपून फादर आत आले, तेव्हा किल्ल्यांचा जुडगा टेबलावर होता आणि काका भिंतीला टेकून उभे.

"मला वास येत नाही, फादर. हिवाळ्यापासून."

"बिशपना तरी कुठं येत होता! गप्प राहिला असतात तर खपून गेलं असतं."

"म्हणूनच यावं लागलं."

फादरांनी जुडगा उचलला. मग कपाटाची बारकी किल्ली सोडवून खिशात टाकली आणि बाकीचा जुडगा पुढं केला.

"चंबू आता मी भरीन. दारं तुम्ही उघडा. खोलीचं उन्हाळ्यानंतर बघू."

काकांनी जुडगा घेतला. घरापर्यंत तो हातात वाजत होता. आवाज ओळखून बायकोनं आतूनच विचारलं, "अहो, एवढं थरथरायला काय झालं?"