खंडेनवमीला चालवलेलं ड्रेज

गाळा ठेवायचा की सोडायचा, हे मला त्या महिनाअखेरीपर्यंत ठरवायचं होतं. औद्योगिक इमारतीच्या तळमजल्यावरचा लहानसा गाळा. एका बाजूला गोठवलेले डंपलिंग बनवणारी चिनी बाई, दुसऱ्या बाजूला एसी दुरुस्तीवाला. मी तिथे जहाजांचे पंप दुरुस्त करायचो. ते काम दरवर्षी आटत चाललं होतं. हल्ली पंप बिघडला की लोक तो दुरुस्त करत नाहीत, नवा बसवतात. करार पुढे वाढवायचा तर काही कारण हवं, आणि माझ्याकडे एकच कारण उरलं होतं. सोनं उपसायचं यंत्र.

त्याला सक्शन ड्रेज म्हणतात. नदीच्या तळातली वाळू आणि खडी पाण्यासकट ओढून घ्यायची आणि एका उतरत्या पेटीतून वाहू द्यायची. पेटीत आडव्या पट्ट्या असतात, खाली जाड गालिचा असतो. हलकं ते वाहून जातं. सोनं जड, ते पट्ट्यांमागे बसतं. गंमत अशी की दगड पंपातून जातच नाहीत. पंप फक्त पाणी ढकलतो. ते पाणी एका अरुंद नळीतून, तिरपं, मोठ्या पाइपात जोरात सोडलं की मागे ओढ तयार होते, आणि पाइपाचं दुसरं टोक सगळं गिळायला लागतं. ही तिरपी नळी जमली तर यंत्र जमलं.

सिंगापुरात सोन्याची नदी नाही, हे मला माहीत होतं. माझी मुलगी तर रोज ऐकवायची, "पप्पा, नो गोल्ड हिअर लाह."

खूळ मूळचं माझं नव्हतंच. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत ओळख झालेला एक मित्र, बँकेत मोठ्या हुद्द्यावर, राहायला इथेच क्वीन्सटाउनला. सुट्टीत तो कुठल्याशा परदेशी नदीवर गेला, ताटलीत वाळू घोळवली आणि त्याला तिळाएवढं सोनं सापडलं. परत आला तो माझ्या गाळ्यावरच. म्हणाला, "विकत मिळतात ती यंत्रं दोन माणसांना उचलत नाहीत. एकट्याला पाठीवर नेता येईल असं कर."

मी केलं. इंजिन प्रेशर वॉशरचं, पंप माझ्याकडचाच, पेटी अ‍ॅल्युमिनियमची आणि मधोमध घडी पडणारी. तरंगायला हवेचे दोन फुगे, होडीला असतात तसे. पाइपाच्या तोंडाशी मी एक कडं बसवलं, पाइपापेक्षा जरा लहान, म्हणजे जो दगड तोंडातून आत शिरेल तो पुढे अडकणार नाही. नळीचा कोन मात्र काही केल्या जमेना. कापायचं, पुन्हा वेल्ड करायचं, तोंडावर तळहात धरायचा, ओढ बघायची. जमलं त्या दिवशी तळहात असा ओढला गेला की सोडवायला इंजिन बंद करावं लागलं.

मग मित्राने व्हिडिओ केला. तो त्यात भरभरून बोलतो. "वी डिझाइन्ड इट फ्रॉम स्क्रॅच," असं म्हणतो. त्यात मीही आहे, कोपरापासून खाली.

"अरे, तुझे हातच तर हीरो आहेत," तो म्हणाला.

"हात कोणाचे, ते सांगायचं होतंस."

"कमेंटमध्ये टाकतो ना, शेठ. त्यात काय एवढं?"

ती कमेंट मी अजून शोधतोय.

पण तो व्हिडिओ पापुआ न्यू गिनीतल्या एका बाईंनी पाहिला. त्यांच्या कुटुंबाची नदीकाठी जमीन, उपसायचा परवाना, आणि भाऊबंदांचं मोठं खटलं वाळू घोळवणारं. बहिणीच्या डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी त्या सिंगापूरला येणार होत्या. यंत्र प्रत्यक्ष बघू, पसंत पडलं तर बरीच घेऊ, असं त्यांनी कळवलं. दसरा झाला की गाळ्यावर येणार होत्या. मी बायकोला सांगून टाकलं, या बाईंनी यंत्रं घेतली तर गाळा ठेवायचा, नाही तर नाही. ती म्हणाली, "अहो, हे तुम्ही मला सांगताय की स्वतःला?"

खंडेनवमीला सकाळी मी गाळ्यावर गेलो आणि पूजा मांडली. कोल्हापूरच्या ज्या फाउंड्रीत मी काम शिकलो तिथे त्या दिवशी भट्टीसुद्धा थंड असायची. पाने, हातोडे, वेल्डिंग मशीन, सगळ्याला हळदकुंकू लावलं आणि मागे चाचणीच्या टाकीवर ठेवलेल्या ड्रेजला झेंडूचा हार घातला. पूजा झालेलं हत्यार दसऱ्यापर्यंत हातात धरायचं नाही. इतकी वर्षं या देशात काढली, पण हा नियम मी मोडलेला नव्हता. डंपलिंगवाल्या बाईला पेढा दिला. परत येतो तर फोन वाजत होता.

"शेठ, बाई आजच येताहेत. बहिणीचं ऑपरेशन लवकर आटोपलं, आज संध्याकाळचंच परतीचं विमान आहे. मी त्यांना घेऊन निघालोय."

"आज खंडेनवमी आहे."

"मग?"

"पूजा झाली. आज यंत्र चालणार नाही."

"तुझं यंत्र उपासाला बसलंय, असं सांगू का त्यांना?"

मी फोन आपटला. तासाभरात दोघं दारात हजर. बाई धिप्पाड, फुलाफुलांचा सैल झगा, खांद्यावर विणलेली पिशवी. हार घातलेल्या यंत्राभोवती त्या एक फेरी मारून आल्या.

"हे मेलंय, की याचं लग्न आहे?" त्यांनी इंग्रजीत विचारलं.

मी समजावून सांगितलं. त्यांनी मान हलवली. म्हणाल्या, "आमच्याकडे नदीत पाय घालायच्या आधी नदीशी बोलतात. आज नको असेल तर नको. मी दुसरं काहीतरी बघते."

दुसरं काहीतरी म्हणजे दुसऱ्याचं काहीतरी. एवढं मला कळतं. मित्रालाही कळलं. त्याने ताम्हनातल्या अक्षता मुठीत घेतल्या आणि "पुनरागमनाय च," म्हणत यंत्रावर उधळल्या. त्यापुढचं त्याला येत नव्हतं. "झाली उत्तरपूजा. देव समजून घेतो," म्हणाला आणि हार ओढला. दोरा तुटला. अर्धा झेंडू खालच्या टाकीत.

टाकी म्हणजे मासे ठेवायची मोठी निळी टाकी, मागे माल चढवायच्या-उतरवायच्या जागेत. तिच्या तळाशी मी खडी आणि वाळू पसरून ठेवली होती. त्यात मासेमारीच्या गळाचे शिशाचे मणी, हातोडीने चपटे केलेले. सोन्याऐवजी शिसं, दोन्ही जड. वरवरची फुलं मी हाताने काढली, देवाची मनात माफी मागितली आणि दोरी ओढली.

इंजिन लागलं. बाईंनी न सांगता पाइपाच्या तोंडावर तळहात ठेवला आणि त्यांची भुवई वर गेली. मी पाइप तळावर फिरवायला लागलो. खडी पेटीतून खडखडत वाहायला लागली. मित्र मोबाइल काढून इंग्रजीत काहीतरी सांगत होता. तेवढ्यात पंपाचा आवाज पातळ झाला. इंजिन एकटंच पळायला लागलं, ओढ गेली.

"काय झालं?" मित्र म्हणाला.

"तुझी उत्तरपूजा झाली."

पाणी ओढायच्या नळीच्या टोकाला जाळी असते. ती वर काढली तर तिच्यावर झेंडूच्या पाकळ्या आणि तांदूळ यांचा लगदा बसला होता. बाई वाकून बघत होत्या. मी तो हाताने पुसला, पंपात पाणी भरलं, पुन्हा दोरी ओढली. ओढ परत आली.

"नदीत दिवसभर पानं वाहतात," बाई म्हणाल्या.

"मग दिवसभर पुसायचं," मी म्हणालो.

त्यावर त्या पहिल्यांदा हसल्या. शेवटी गालिचा बादलीत झटकला, गाळ ताटलीत घोळवला. शिशाचे मणी जवळजवळ सगळे आले. बाईंनी ते नखाने एका कडेला सारले आणि एकेक करून मोजले. मला वाटलं, गाळा राहिला.

मग त्यांनी बोट ठेवलं ते त्या तिरप्या नळीवर. "मला हे हवं. एवढंच."

"एवढंच म्हणजे?"

"पेटी आमचे सुतार लाकडाची करतील. तरंगायला ट्रकच्या ट्यूब आहेत. इंजिन तिथलंच घेईन, बिघडलं तर तिथला माणूस दुरुस्त करतो. तुमचं बिघडलं तर काय इथे पाठवू?"

त्यांचं बरोबर होतं, म्हणून मला जास्त राग आला. मी म्हणालो, यंत्र सबंध घ्या, तुकडा विकायला मी भंगारवाला नाही. घडीची पेटी दाखवली, मिटून दाखवली, खांद्यावर उचलून दाखवली. बाई म्हणाल्या, "सुंदर आहे. आमच्याकडे उचलायला माणसं पुष्कळ आहेत."

"नो प्रॉब्लेम, मॅडम," मित्र म्हणाला. माझ्या तोंडातून अजून शब्द निघाला नव्हता.

मी मराठीत त्याच्यावर फिरलो. "साहेब, नळ्या तू वेल्ड करणार आहेस?"

"करेल रे कोणीतरी."

"कोणीतरी म्हणजे कोण? नाव घे त्याचं."

"बाईंसमोर नको ना आता."

बैल नको, नुसती वेसण द्या, असं झालं होतं हे. बाई मग म्हणाल्या, "तुमच्यातलं माझ्याशी कोण बोलतंय?"

"मी," मी म्हणालो, आणि स्टूल ओढून समोर बसलो. पुढचा तास भावाचा होता. त्यांनी पाडला, मी चढवला. त्या पिशवी उचलून दारापर्यंत गेल्या, मी पाने पुसत बसलो. त्या परत आल्या. प्रत्येक नळीबरोबर तोंडाचं कडं घेतलंच पाहिजे, हे मी मान्य करून घेतलं, कारण कड्याशिवाय पाइप तुंबेल आणि शिव्या नळीला बसतील. भाव मला हवा होता तोच मिळाला. इतक्या चिवट गिऱ्हाइकाकडून मी तो काढला, याचा एरवी मला आठवडाभर आनंद झाला असता. विमानतळाला निघताना मित्र म्हणाला, "बघ, जमवलं की नाही आपण?" मी दार ओढून घेतलं.

सेंगकांगला घरी पोचलो तेव्हा बायको आपट्याची पानं निवडत होती. मंडळातल्या कोणीतरी भारतातून येताना आणलेली, अर्धी काळी पडलेली.

"घेतलं का बाईंनी?"

"नळ्या घेतल्या. पुष्कळ."

"मग गाळ्याचं काय?"

"नळ्यांना गाळा कशाला लागतो? एसीवाल्याच्या कोपऱ्यात वेल्डिंग होईल. तो देतो म्हणालाय."

बायको काळी पानं तेवढी बाजूला काढत राहिली.

दसऱ्याला सकाळी मी गाळ्याच्या एजंटला फोन केला, करार वाढवायचा नाही म्हणून. त्याने सहज विचारलं, धंदा नाही का? म्हटलं, आहे, नवीन ऑर्डर मिळाली, म्हणून तर सोडतोय. त्याला ते कळलं नाही, आणि समजावत बसायचं त्राण मला नव्हतं. तो म्हणाला, गाळा होता तसा परत द्यायचा, दाराजवळचा तेलाचा डाग काढून.

तो डाग माझ्या आधीच्या भाडेकरूचा होता. एरवी त्या डागावरून मी त्याला अर्धा दिवस सोडला नसता. म्हटलं, काढतो.