कपाट उघडताना की लावताना?

वासुदेवरावांची माझी पहिली भेट भांडणाने झाली. तमिळ मुलखात, नुंगंबाक्कमच्या आमच्या मराठी मंडळात त्यांना एक जुना मूकपट दाखवायचा होता. सचिव म्हणून मी विरोध केला. मोलकरीण, मालकिणीचा हार, चोरी, अश्रू! एवढे पाहायला हॉल कशाला अडवायचा?

"अक्का, आधी पाहा. मग भांडा," तंजावरकडच्या आपल्या संथ मराठीत ते म्हणाले.

फिल्म लॅबमध्ये फिती जोडण्यात त्यांची सारी नोकरी सरली. या मूकपटाचे तुकडे पूर्वी कुणीतरी चुकीच्या क्रमाने जोडले होते. त्यामुळे मोलकरीण कपाटातून हार काढून पदराआड लपवताना दिसे. वासुदेवरावांचे लक्ष मागच्या देवघराकडे गेले. कपाटाच्या दृश्यात उदबत्ती संपत आलेली, पदराच्या दृश्यात नुकती लावलेली. म्हणजे पदरातला हार ती कपाटात परत ठेवत होती. त्यांनी तुकडे पुन्हा जोडले. मी टाळ्या वाजवल्या आणि विसरले.

त्याच वर्षी गणपतीनंतर मंडळाचे चांदीचे निरांजन हरवले. दुसऱ्या दिवशी हॉल झाडणारी कन्नियम्मा उघड्या कपाटापाशी ते हातात घेऊन उभी दिसली. कॉन्व्हेंटमध्ये आमच्या सिस्टर आधी शिक्षा करीत, चौकशी मागाहून. मी त्यांची उत्तम विद्यार्थिनी. तिला कामावरून काढायचे, हे मी तिथेच जाहीर केले. ती तमिळमध्ये काही सांगत होती. मी ऐकले नाही.

"कपाट उघडताना पाहिलेत, की लावताना?" वासुदेवरावांनी विचारले.

"चोरी डोळ्यांनी पाहिली मी!"

त्यांनी निरांजन माझ्यासमोर धरले. वातीच्या खळग्यात झेंडूच्या ओल्या पाकळ्या चिकटल्या होत्या. "अक्का, कपाटात झेंडू कुठला?"

झेंडू निर्माल्याच्या पिशवीत होता. कन्नियम्माला निरांजन तिथेच सापडले होते. पिशवी मी बांधली होती.

कन्नियम्माची माफी मी सगळ्यांसमोर मागितली. मला तो सराव नाही. "सरी, अम्मा," म्हणजे 'बरं, बाई', एवढे म्हणून तिने झाडू उचलला. कपाटाची किल्ली आता तिच्याकडे असते.

मंडळाच्या अंकाच्या संपादकांनी या लेखासाठी 'ऋषितुल्य' हा शब्द सुचवला होता. तो मी वापरणार नाही. वासुदेवराव ऋषींपेक्षा बरेच उपयोगी आहेत. ही गोष्ट त्यांनी आजवर कुणाला सांगितली नाही, म्हणून मला लिहावी लागली.

आज ते पंचाहत्तर वर्षांचे होत आहेत. त्यांची प्रकृती ठणठणीत राहो, नजर अशीच राहो. माझा आवाज अजून खणखणीत आहे आणि स्वभाव सुटलेला नाही. पुढच्या वेळी मी कुणावर बोट रोखीन, तेव्हा ते त्याच खोलीत असावेत.