कसब्याच्या फळ्यावर बर्लिन

दिगंबर लंडनच्या एका मोठ्या वर्तमानपत्रात वार्ताहर होता. पण बातमी लिहायला तो शिकला कसबा पेठेतल्या चौकातल्या फळ्यावर. तो फळा श्रीधरकाकांचा. काका निवृत्त मास्तर. रोज सकाळी खडूने चार बातम्या लिहायचे, येता-जाता पेठ वाचायची. नियम दोनच: बातमी एका ओळीत, आणि खाली कुणाचं नाव नाही. सतराव्या वर्षी दिगंबरने एकदा कोपऱ्यात हळूच आपलं नाव टाकलं. काकांनी ओल्या फडक्याने पुसलं नि विचारलं, "का रे, बातमी तू घडवलीस?"

ते त्याच्या जिव्हारी लागलं. पुढे त्याचं नाव देशोदेशी छापून आलं. कात्रणं तो काकांना धाडत राहिला, पण उत्तरात साधा 'वा'ही कधी आला नाही. त्या एका शब्दासाठी हा पन्नाशीचा बाप्या अजून झुरत होता.

एकोणनव्वद साली तो दिवाळीला घरी आला आणि तेवढ्यात बर्लिनची भिंत पडली! जन्मभर वाट पाहिलेली बातमी, आणि हा बापडा कसब्यात उरलेल्या चकल्या खातोय! रेडिओ ऐकून तो येरझाऱ्या घालू लागला. बायको सुहासिनी म्हणाली, "अहो, पडलेली भिंत कुठे पळून जात नाही. चहा घ्या." पण चैन कुठली पडायला? तडक चौकात गेला. काका त्या दिवशी उशिरा फळा भरून नुकतेच जेवायला गेलेले, आता सकाळीच येणार. याने खालच्या ओळी न वाचताच पुसल्या आणि बर्लिनवर चांगल्या अकरा ओळी खरडल्या.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी, पेठेतले नळ कोरडे. पुसलेली ओळ होती, "उद्या दिवसभर पाणी नाही. भरून ठेवा."

शेजारच्या आनंदीबाईंकडे नेमकं नातीचं केळवण. त्या दारात येऊन कडाडल्या, "दिग्या, माझ्याकडे वीस पानं उठायचीत! हात धुवायला बर्लिनला पाठवू का?"

मागून काका आले. "लंडनकर, तुमच्याकडे पाण्याच्या बातम्या छापत नाहीत वाटतं?"

दिगंबर ओशाळला. त्याने दोन बादल्या उचलल्या आणि मागच्या गल्लीतल्या तांबटाच्या विहिरीवरून घरोघर पाणी भरायला लागला. खांदे भरून आले. पण दर दारात लोक विचारायचे, "बरं, त्या भिंतीचं काय झालं रे?" मग बादली खाली ठेवून तो सांगायचा, हातवारे करकरून. त्याला भलतीच मजा यायला लागली. चौथ्या खेपेला आनंदीबाई पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "म्हणजे भावाला भाऊ भेटला म्हण की." दिगंबरला एवढं सोपं सुचलंच नव्हतं.

रविवारी सकाळी काकांनी त्याच्या हातात खडू दिला. "एका ओळीत."

त्याने लिहिलं: "आजपासून पाणी नेहमीच्या वेळी." त्याखाली: "बर्लिनची भिंत पडली, अठ्ठावीस वर्षांनी भावाला भाऊ भेटला."

काकांनी दोनदा वाचलं. खडू घेऊन खाली आपल्या ठसठशीत अक्षरात तिसरी ओळ लिहिली: "काल पेठेची गैरसोय झाली ती दिगंबरमुळे, पाणीही त्यानेच भरले."

"काका! अहो, नाव? आणि नियम?"

"ही बातमी तू घडवलीस," काका म्हणाले आणि फडकं झटकून घरी गेले.

दिगंबरने पळत जाऊन कॅमेरा आणला. लंडनच्या कचेरीत त्याच्या टेबलामागे पुढे फळ्याचा तेवढा एकच फोटो राहिला. भिंतीवरची कात्रणं त्याने कपाटात टाकली.